मागे कोण बसणार?

जुने टाकून द्यायचे नाही, ही आपल्याकडची रीत. लुगडे विरले की त्याची गोधडी व्हायची. गोधडी विरली की तिचे पायपुसणे व्हायचे. बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली की लोहार तिचे विळे-कोयते करी. ह्या सगळ्या मोडतोडीला एक नियम होता. वस्तूचे रूप बदले, पण तिचे काम सुटत नसे. एका कामातून निवृत्त झाली की ती दुसऱ्या कामाला लागे. हा नियम ऐन दिवाळीत आठवण्याचे कारण असे की, आपल्या मुलखात सध्या जुन्या जीपगाड्या कापण्याची हौस बोकाळली आहे, आणि तिने हा नियम पार उलटा केला आहे. सणासुदीला कुणाशी भांडू नये म्हणतात. पण फराळाच्या ताटात एखादा पदार्थ तिखटही लागतो. तेव्हा वाचकांनी हा लेख त्या खात्यात जमा करावा.

मी नरडाण्याचा. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेकडून भुसावळकडे जाणारी रेल्वे जिथे एकमेकींना भेटतात ते हे गाव. पेशाने शाळामास्तर, नादाने कादंबरीकार. स्वतःला साधे चाकसुद्धा बदलता येत नाही. परंतु माझ्या हाताखालून गेलेली बरीच मुले अक्षरांपेक्षा पान्या-पकडींत अधिक रमली, आणि हमरस्त्याच्या कडेच्या गॅरेजांतून आज तीच मला स्टूल पुसून बसायला देतात. तिथे बसून मी जे पाहिले त्यावरून हे लिहितो आहे.

ज्यांना ह्या हौसेची ओळख नाही त्यांच्यासाठी आधी ती काय आहे ते सांगतो. कुणीतरी पंचवीस-तीस वर्षांची जीप विकत घेतो. तिचे छप्पर उतरवतो, मागची बाके उपटतो, दारे काढतो. गाडी लांब जातीची असेल तर तिची चासी मधून कापून आखूड करतो. मूळचे उंच बॉनेट कापून ते ठेंगणे करतो. कारण महायुद्धातल्या जीपचे बॉनेट ठेंगणे होते आणि आपली गाडी तशी दिसावी अशी त्याची इच्छा असते. मग कमानपाट्यांत फेरफार करून गाडी उंच करायची, तिला ट्रॅक्टरला शोभतील अशी चाके बसवायची, पुढे विंच लावायचा, वर चार दिवे लावायचे. हरियाणातले मंडी डबवाली हे गाव असल्या जुन्या जीपा नव्या करून देण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे; आता ती विद्या आपल्याकडेही पोचली आहे. सगळे झाले की रविवारी गाडी नदीच्या कोरड्या पात्रात, टेकाडावर किंवा चिखलात घालायची. ह्याला 'ऑफरोडिंग' म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही. असेल तरी कसा? रस्ता नसणे ही आपल्याकडे आजवर मौज नव्हती.

जीप ही काय वस्तू आहे, तेही थोडे पाहिले पाहिजे. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, चारी चाकांना जोर असलेली गाडी तातडीने हवी होती. नमुन्याची गाडी तयार करायला कारखान्यांना अवघे ४९ दिवस दिले होते. बँटम नावाच्या एका छोट्या कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट ह्या इंजिनिअरकडून आराखडा करून घेतला आणि मुदतीत गाडी उभी केली. पुढे विलीज आणि फोर्ड ह्या मोठ्या कारखान्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा काढल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांत ८० इंचांचे अंतर, गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे: एक पुढच्या चाकांना जोर जोडणारा, दुसरा वेग उतरवून ताकद वाढवणारा. त्या गाडीत शोभेचे काही नव्हते. जे होते ते कुणाला तरी, काही तरी, कुठे तरी पोचवण्यासाठी होते. जखमी माणसाचे स्ट्रेचर आडवे टाकता येईल, ह्याचाही विचार तिच्यात झाला.

युद्ध संपले आणि ही गाडी आपल्याकडे आली. १९४५ साली 'महिंद्र अँड मोहंमद' नावाने निघालेली कंपनी १९४८ साली 'महिंद्र अँड महिंद्र' झाली, आणि विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीपा जोडू लागली. विलीजच्या नव्या इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट उंच करावे लागले, आणि तीच उंच बॉनेटची जीप पुढे कित्येक दशके आपल्या देशात बनत राहिली. मग ९१ इंचांची लांब जीप आली, डिझेलचे इंजिन आले. आज जे बॉनेट 'बेढब' म्हणून कापले जाते, ते असे गरजेपोटी उंच झालेले आहे. चित्रातल्या गाडीसारखी आपली गाडी दिसावी म्हणून त्याच्यावर ग्राइंडर चालतो.

आता खानदेशाने ह्या गाडीचे काय केले ते ऐका. आम्हीही ती कापली, मोडली, जोडली. त्यात आम्ही काही सोवळे नव्हतो. पण आमची सगळी तोडमोड गाडी वाढवण्यासाठी होती. मागचा पत्रा लांबवला, आडवी बाके काढून समोरासमोर उभी बाके टाकली, टपावर कॅरिअर लावले, मागे उभे राहायला लोखंडी पायरी जोडली. पेट्रोलचे इंजिन परवडेना म्हणून डिझेलचे बसवले. काळी-पिवळी होऊन ती शिंदखेड्याला, बेटावदला, शिरपूरला, दोंडाईच्याला धावली. तिच्या टपावर मिरचीची पोती गेली, लग्नाचे रुखवत गेले, शेळ्या गेल्या. आत बाळंतीण गेली, परीक्षेला बसणारी पोरे गेली, आणि सारंगखेड्याच्या जत्रेला सबंध कुटुंबे गेली. तिच्यात माणसे कोंबली जात, हे मी लपवत नाही. त्या कोंबण्याने अपघात झाले, माणसे दगावली. २०२१ च्या जुलैत तोरणमाळजवळच्या घाटात प्रवासी जीप दरीत गेली तेव्हा सबंध जिल्हा हळहळला. त्या प्रकाराचे समर्थन मला करायचे नाही. सांगायचे आहे ते एवढेच, की त्या गाडीचा दोष जास्त माणसे घेण्याचा होता. आजच्या कापलेल्या गाडीने एकही माणूस न घेण्याची प्रतिज्ञा केली आहे.

कारागिराबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. उलट आदर आहे. चासी कापून जोडणे हे येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे. सरळ आडवा छेद घेऊन डाग दिला तर धोका असतो, कारण डागाच्या लगतचे पोलाद आचेने ठिसूळ होते आणि पहिली चीर तिथेच जाते. म्हणून जाणता मिस्त्री छेद तिरका घेतो, आतून-बाहेरून पट्ट्या बसवतो, दोन्ही बाजू दोऱ्याने मापून मगच आच लावतो. आमच्याकडचा एक वयस्क मिस्त्री मला म्हणाला, "गुरुजी, कापाले येक दिन लागस, जोडाले महिना लागस." मी वर्गात वर्षभर जे शिकवतो त्याचे सार ह्या एका वाक्यात आहे. पण हाच मिस्त्री पुढे जे म्हणाला ते गिऱ्हाईक ऐकत नाही. चाके मोठी केलीस तर त्यांचा भार एक्सलवर येतो. ब्रेक जुने, लहान चाकांच्या हिशेबाचे. मोठे चाक त्यांना जुमानत नाही. गाडी उंच केलीस तर प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि जॉइंटचे क्रॉस तुटू लागतात. आखूड केलीस तर उंचवट्यावर पोट टेकत नाही हे खरे. पण खड्या चढावर तीच गाडी मागे उलटू पाहते आणि आडव्या उतारावर कलंडते. मूळच्या इंजिनिअरने उंची, रुंदी आणि लांबी ह्यांचा जो मेळ घातला होता, तो एका हौसेसाठी मोडायचा आणि मग गाडी उलटू नये म्हणून डोक्यावर लोखंडी पिंजरा बांधायचा, ह्याला शहाणपण म्हणत नाहीत.

माझ्या बोलण्यावर उत्तरे तयार आहेत, ती मला ठाऊक आहेत. एकेकाचा समाचार घेतो.

पहिले उत्तर: पैसा त्यांचा, गाडी त्यांची, तुमच्या पोटात का दुखते? गाडी त्यांची हे कबूल. पण पाणंद त्यांची नाही. आमच्या काळ्या जमिनीचा स्वभाव शहरी माणसाला माहीत नसतो. पावसात ती लोण्यासारखी असते आणि उन्हात विटेसारखी होते. भर पावसात रुंद चाकांच्या चार गाड्या शेताच्या वाटेने एकदा गेल्या की गुडघाभर चाकोऱ्या पडतात. ऊन पडले की त्या तशाच वाळून कडक होतात. मग कपाशी घरी आणायच्या वेळी शेतकऱ्याच्या बैलगाडीचे चाक त्यात अडकते आणि बैलाचा पाय मुरगळतो. रविवारची मौज करणारा तोवर घरी पोचून गाडी धुऊन मोकळा झालेला असतो. नदीच्या पात्राचेही तेच. पात्र कोरडे दिसले म्हणून ते बेवारस नसते. तिथे कुणाचे झरे असतात, कुणाची गुरे पाण्यावर येतात, कुणी काठाने भाजी लावलेली असते.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे: ह्या गाड्या नाहीतरी भंगारातच जाणार होत्या, आम्ही त्यांना वाचवतो. ह्यात तथ्य आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. आणि २०२१ मध्ये तर जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे सरकारी धोरणच आले. जुन्या यंत्राला जीव लावणारा कुणी असला तर मला आनंदच आहे. पण वाचवले काय, हे नीट पाहा. इंजिन, दोन एक्सल, गिअरपेटी आणि नाव एवढे वाचले. छप्पर, बाके, मागचा पत्रा, म्हणजे माणसांची जागा तेवढी नेमकी भंगारात गेली. आजोबांना वाचवतो म्हणून त्यांच्या हातापायांपैकी आपल्या आवडीचे तेवढेच ठेवायचे, असा हा प्रकार झाला. जुनी जीप जशीच्या तशी, गंजलेला पत्रा बदलून, ब्रेक नवे करून, चार माणसांसाठी उभी करणारे लोकही आहेत. त्यांनाही तेच मिस्त्री लागतात, आणि कष्टही कमी पडत नाहीत. त्या लोकांना माझा दंडवत आहे.

तिसरे उत्तर: हा खेळ आहे, साहस आहे, तुम्हा मास्तर लोकांना साहसाचे वावडे. मुळीच नाही. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' नावाची शर्यत सुरू झाली. तिथे आखलेले मैदान, पंच, पट्टे, पिंजरे, अडकलेली गाडी बाहेर काढायची साधने असा सगळा बंदोबस्त असतो. तो खेळ आहे. त्यासाठी बांधलेली गाडी ही त्या खेळाची बॅट आहे. तिला मी नावे ठेवणार नाही. परंतु बॅट घेऊन कुणी दुसऱ्याच्या अंगणात शिरून काचा फोडू लागला तर त्याला क्रिकेटपटू म्हणत नाहीत.

हे सगळे किरकोळ मुद्दे झाले. माझे खरे भांडण पुढे आहे.

नरडाण्याहून उत्तरेला तापी ओलांडली की सातपुडा दिसू लागतो. त्या रांगेत पश्चिमेला, नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके आहेत. तिथल्या कित्येक पाड्यांपर्यंत अजून धड रस्ता गेलेला नाही. पावसाळा आला की वर्तमानपत्रात एक बातमी ठरल्यासारखी येते. अडलेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चार-सहा माणसांनी डोंगर उतरवले. कधी ती दवाखान्यात पोचली, कधी वाटेतच बाळंत झाली, कधी दोन्ही जीव गेले. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, आणि ती सेवा मोलाची आहे. पण ती डांबर संपते तिथे थांबते. नर्मदेच्या काठच्या गावांसाठी बोटीवरचा दवाखाना चालवावा लागला, ह्यावरून तिकडची वाट कशी असेल ते वाचकांनी ताडावे. अशा मुलखात चारी चाकांना जोर असलेली, मागे आडवे झोपता येईल अशी, कुठल्याही मिस्त्रीला उघडता येईल अशी साधी, जुनी जीप म्हणजे काय असते, हे त्या झोळीच्या बांबूला खांदा देणाऱ्याला विचारा.

आणि त्याच जीपची मागची जागा उपटून आपण तिथे जादा चाक आणि बर्फाची पेटी ठेवतो!

बिनरस्त्याला जाणे ही एकाची रविवारची मौज आहे आणि दुसऱ्याचा जन्मभराचा भोग आहे. माझा राग मौजेवर नाही. एकाच्या भोगासाठी जी वस्तू जन्माला आली ती दुसऱ्याच्या मौजेसाठी निकामी करावी, आणि वर त्याला 'साहस' म्हणावे, ह्यावर आहे. डोक्यावरून घोंगडी घेऊन, चिखलातून, रात्रीच्या अंधारात झोळी उतरवणारी माणसे साहस करतात. त्यांचे फोटो कुणी काढत नाही.

ह्यावर म्हणतील, रस्ते करणे हे सरकारचे काम आहे, जीपवाल्यांचे नव्हे. शंभर वेळा कबूल! त्या कामात झालेल्या दिरंगाईचा जाब सरकारलाच विचारला पाहिजे, आणि मी ते सोडणार नाही. पण रस्ता गाडीपर्यंत येत नाही तोवर गाडीने रस्त्याविना जायचे असते. तिच्या पुढच्या चाकांना जोर दिला तो ह्याचसाठी. रस्ता नाही म्हणून सरकार दोषी, तसे जी गाडी रस्त्याविना जाऊ शकते तिची जागाच काढून टाकणाराही थोडासा दोषी आहे.

कायद्याचे काय? कायदा आहे, आणि कडकही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ घडणीत मनमानी बदल करू देत नाही. नोंदणीच्या पुस्तकात दोन चाकांमधले अंतर, बसणाऱ्यांची संख्या, रिकाम्या गाडीचे वजन हे सगळे लिहिलेले असते; कापलेली गाडी त्यातली एकही गोष्ट खरी ठेवत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या मूळ घडणीविरुद्ध केलेला बदल मान्य होणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. तरी हमरस्त्यावर कापलेल्या गाड्या छाती काढून फिरतात. आणि उद्या कुणी गरीब जीपवाल्याने रोगी झोपवता यावा म्हणून मागे फळी ठोकली तर तोच कायदा त्याच्यापुढे उभा राहील. कायद्याला दोन्ही फेरफार सारखेच दिसतात. शाळेत आम्ही खोडी काढणाऱ्या पोराला आणि पडलेल्याला उचलायला जागा सोडून धावलेल्या पोराला एकच छडी मारत नाही. अपंग माणसासाठी गाडीत बदल करायला कायद्याने वाट ठेवली आहे. तशीच वाट, पूर्ण तपासणी करून, दुर्गम भागातल्या रोग्यांच्या गाडीसाठी सोपी करून द्यावी. आमच्या मिस्त्रींच्या हातात ती विद्या आहे. परीक्षा घ्या, दाखला द्या, डाग तपासा, ब्रेक तपासा. पण त्या हातांना उजळ माथ्याने करता येईल असे काम द्या. आज त्यांना पैसा मिळतो तो गाडी कमी करण्याचा.

आणि जीपवाल्या तरुणांनो, तुमच्यातले कित्येक जण माझ्यापुढे बाकावर बसून गेले आहेत, म्हणून हक्काने बोलतो. पुरात माणसे अडकतात तेव्हा तुमच्यातलेच काही गाड्या घेऊन धावतात, हे मी पाहिले आहे. ती तुमची खरी जात. मग गाडी अशी बांधा की पूर यायची वाट पाहावी लागू नये. छप्पर ठेवा. मागे निदान एक माणूस आडवा होईल एवढी फळी ठेवा. चासीला हात लावू नका. नोंदणीचे पुस्तक आणि गाडी ह्यांची ओळख राहू द्या. पावसात दुसऱ्याच्या पाणंदीत शिरू नका. वर्षातले चार रविवार टेकाडावर घालवता ते सातपुड्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारण्यात घालवा, की औषधांची खोकी कुठवर पोचवायची आहेत. चिखल तिथेही पुष्कळ मिळेल. चारही चाके बुडतील इतका.

दिवाळीत घरोघर बेत होतात. यंदा कुणाच्या तरी घरी मुलगा वडिलांना म्हणणारच आहे, "दादा, एक जुनी जीप पाहिली आहे, घेऊन कापायची आहे." दादांनी एकदम नाही म्हणू नये. पैसा किती लागेल हेही आधी विचारू नये. पोराला जवळ बसवून, एक करंजी त्याच्या हातावर ठेवून, इतकेच विचारावे: "घे बाबा. पण मागे कोण बसणार?" त्याला उत्तर देता आले तर जीप घ्यावी, आणि पहिल्या फेरीला आईला बसवावे.